पेटीतली उशी

तिनं मूठभर टाचण्या उशीच्या भुशात खोल खुपसल्या आणि तोंड शिवून टाकलं.

त्याची उंची पाच फूट अकरा इंच. खांदे रुंद.

चर्चमध्ये डावीकडचा तिसरा बाक. मानेवर तीळ.

'मशीनची संरक्षक जाळी कामगारानं स्वतःच काढली होती.' खाली त्याची सही, तारीख, शिक्का.

“प्रभू, तो माझ्याआधी जाऊ दे. आणि माझ्या हाताखालून जाऊ दे.” रोज पहाटे. गुडघ्यांखाली दुमडलेलं पोतं.

नऊ वर्षं.

ती दिराच्या दुकानात शवपेट्यांना आतून अस्तर लावायची. दीर सुतार, लाकूड त्याचं, कापड तिचं. तिचा एकुलता एक मुलगा कारखान्यात मशीनमध्ये सापडून गेला. आदल्याच दिवशी तो जेवताना सांगत होता, काम लवकर उरकावं म्हणून सुपरवायझरनं जाळी काढायला लावली. त्याच सुपरवायझरनं चौकशीत खापर मुलावर फोडलं, आणि पुढच्या रविवारी तिच्या दोन बाक पुढे उभा राहून तो मोठ्यानं गायला.

जिवंत माणसाचं माप घ्यायचं नाही, हा दिराचा दंडक. तिनं टेप लावलीच नव्हती. चर्चमध्ये मागे बसून डोळ्यांनीच त्याचं माप घेतलं होतं. त्या मापाचं अस्तर आणि टाचण्यांची ती उशी कपाटाच्या तळाशी होती.

पाळक तिचं उदाहरण देत. “श्रद्धेवर माणूस कसा तगतो, ते या बाईंना विचारा.”

“प्रार्थनेवर जगते,” ती म्हणे. खोटं नव्हतंच ते.

मंगळवारी दुपारी सुपरवायझर स्वतःच दुकानात आला. बायकोनं त्याचा दंड धरला होता. शर्ट खुंटीला अडकवावा तसा अंगावर लोंबत होता.

“माप घ्या,” तो म्हणाला. “डॉक्टरांनी दोन महिने सांगितलेत.”

“साहेब, हे काय शिंप्याचं दुकान आहे, ट्रायल घ्यायला?” दिरानं हसण्यावारी नेलं. “घरी जा, पोटभर जेवा.”

“मागाहून ही एकटी कुठे कुठे धावेल? घ्या.”

दीर तिच्याकडे बघू लागला. तिनं गळ्यातली टेप काढली. खांद्यांवरून फिरवताना हाडं बोटांना लागली. चार इंच कमी. नऊ वर्षं सांभाळलेलं अस्तर त्याला ढगळ होणार होतं.

“ताई, उशी तुम्हीच करता ना?”

“हो.”

“कडक करा. भुसा भरा, लाकडाचे तुकडे भरा, काहीही. मऊ नको. तुमचा मुलगा गेल्यापासून मी उशीवर डोकं टेकलेलं नाही. हिला विचारा.”

“नुसत्या सतरंजीवर झोपतात,” बायको खाली बघत म्हणाली.

टेप तिच्या बोटांभोवती गुंडाळली गेली, सुटली, पुन्हा गुंडाळली गेली.

“मऊच मिळेल,” ती म्हणाली.

“ताई, हात जोडतो.”

“ऐकू आलं मला. मऊच.”

बायकोनं त्याला एकेक पायरी उतरवत नेलं.

दिरानं रंधा खाली ठेवला. “वहिनी, मरणाऱ्याचं एवढंसं मागणं. हो म्हणायला काय जात होतं तुमचं?”

“तुम्ही तुमच्या फळ्या बघा, भावजी.”

तिनं कपाटाच्या तळातून उशी ओढून काढली, शिवण उसवली. भुसा टोपलीत, टाचण्या डबीत. मग दुकानातला सगळ्यात चांगला कापूस घेऊन बोटांनी पिंजत बसली. एक गाठ राहू दिली नाही. दात आवळलेले होते. भरताना ती पुन्हा पुन्हा उशीवर स्वतःचा गाल टेकून बघायची आणि मान हलवून आणखी कापूस घ्यायची.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं पोतं अंथरलं, गुडघे टेकले. रोजचं वाक्य ओठांवर आलं नाही. दुसरं कुठलंही आलं नाही. तरी ती उठली नाही. बाहेर दुधवाल्याची सायकल वाजली, उजाडलं, दिरानं दुकानाचं शटर वर केल्याचा आवाज आला, ती तशीच होती.

मुलगा गेला तेव्हा तिला साधं बटणसुद्धा शिवता येत नव्हतं; सुई तिनं हातात घेतली ती त्या एका उशीसाठी.