वेलांटीची जागा

आमच्या घरी लॅपटॉप आला त्याच दिवशी मी त्याला शिस्त लावली. अपडेट आता करायचे की नंतर, असे तो वरचेवर विचारी, आणि घरातल्या प्रत्येकाने ‘नंतर’ असेच उत्तर द्यावे, असा माझा हुकूम होता. चौतीस वर्षे शाळा चालवलेल्या बाईला एका यंत्राने वेळ ठरवून द्यावी, हे मला मान्य नव्हते.

माझी सून दैवशाला हिलाही मी आठ महिने हेच उत्तर देत होते. कुंभार पिंपळगावातल्या निम्म्या लोकांना ज्यांनी जगात आणले, त्या झुंबरबाई सुइणीच्या आठवणी तिने लिहून काढल्या होत्या. वहीत काही नव्हते. झुंबरबाई बोलत आणि ही समोर बसून टाइप करी. झुंबरबाई आता नव्वदीला टेकल्या होत्या आणि आपले बोलणे एकदा तरी कानांनी ऐकायचे म्हणत होत्या.

“आत्याबाई, छापायच्या आधी एकदा नजर घाला ना.”

“नंतर.”

कार्तिकात दैवशाला चार दिवस भोकरदनला माहेरी गेली. त्याच सुमारास लॅपटॉपने कोणालाही न विचारता आपले अपडेट उरकून घेतले. त्या दुपारी, का कोण जाणे, मी तिचे लिखाण उघडले आणि थक्क झाले. प्रत्येक पहिली वेलांटी अक्षराच्या डाव्या बाजूला असायची, ती उजवीकडे जाऊन बसली होती. जोडाक्षरे पाय मोडून सुटी पडली होती. ती हल्लीची ढिलाई समजून मी सोडून दिली. वेलांटी मात्र मी आजवर कोणाची सोडलेली नाही. तीन दिवस बसून मी एकसष्ट पाने तपासली, एकेक वेलांटी उचलून तिच्या जागी ठेवली. हात लागलाच होता म्हणून झुंबरबाईंचे ‘न्हाई’ होते तेथे ‘नाही’ केले, ‘आल्ता’चे ‘आला होता’ केले. खरे सांगायचे तर त्या तीन दिवसांत मला फार बरे वाटले.

दैवशाला परत आल्यावर आम्ही दोघी प्रत काढायला अंबडला अजमतच्या दुकानात गेलो. अजमत माझा विद्यार्थी. मी दुकानात शिरले की तो अजूनही उभा राहतो. पहिले पान बाहेर आले आणि त्याने ते उजेडाकडे धरले. काही वेलांट्या शेजारच्या अक्षराच्या गळ्यात पडल्या होत्या, काहींच्या पुढे नुसते ठिपक्यांचे वर्तुळ होते.

“बाई, अपडेटनंतर तुमच्या स्क्रीनवर अक्षरं मोडकी दिसून राह्यली असतील. लिहिलेलं बिलकुल बराबर होतं. फक्त दिसणं बिघडलं होतं.”

“म्हणजे मी काय केले?”

“बराबरचं गलत केलं.” मग त्याच्याने राहवेना. “चौथीत वेलांटीसाठी मी पन्नास उठाबशा काढल्या, बाई. आता कोण काढणार?”

दैवशाला हसली नाही. ती पाने उलटत होती. “आत्याबाई, ‘न्हाई’ कुठं गेलं?”

“दुरुस्त केले.”

अजमतने मान हलवली. “वेलांट्या मी एका दमात फिरवून देतो, तुमचा स्क्रीन भी ठीक करून देतो. पण यातलं कुठलं ‘नाही’ वहिनींनी लिहिलेलं आन् कुठलं झुंबरआजीचं, हे मशीनला कसं कळंल?”

“असू द्या,” दैवशाला म्हणाली. “तसंच छापू.” आठ महिने माझे ‘नंतर’ तिने ज्या आवाजात ऐकून घेतले होते, तोच हा आवाज होता.

दुसऱ्या दिवशी अजमतने वेलांट्या सुधारून दिलेली प्रत घेऊन मी झुंबरबाईंच्या दारी गेले. दैवशाला लॅपटॉप घेऊन मागे होती. मी वाचू लागले, “‘बाळंतिणीने माझा हात धरला आणि ती म्हणाली, माझ्याने आता होत नाही.’”

“ही बाई कोण हाय?” झुंबरबाईंनी विचारले.

“तुम्हीच बोलत आहात, झुंबरबाई.”

“मी न्हाई! मी अशी बोलले असते तर पोरं पोटातच पाढे म्हणायली असती.” त्या खोकला येईपर्यंत हसल्या. “आन् ती बाळंतीण बी अशी न्हाई बोलली. ‘न्हाई व्हत मह्याच्यानं’ म्हणून वरडली व्हती. इसरल्या काय, मोठ्या बाई? तुम्हीच व्हत्या की!”

मी दैवशालाकडे पाहिले. ती जमिनीकडे पाहत होती. तिने पानावर माझे नाव लिहिले नव्हते. ‘एक बाळंतीण’ एवढेच लिहिले होते. आणि तिच्या नवऱ्याच्या जन्मवेळची माझीच किंकाळी मी स्वतःच्या हाताने शुद्ध करून ठेवली होती.

मी चष्मा पुसला. “दैवशाला, यंत्र इकडे दे. झुंबरबाई, पहिल्यापासून सांगा. मी थांबवणार नाही.”

चार दुपारी लागल्या. एकेक वाक्य मी वाचत असे. झुंबरबाई ते आपल्या तोंडाने म्हणत आणि मी तसेच लिहीत असे. त्या वाक्याशी आलो तेव्हा ‘मह्याच्यानं’ मला दोनदा टाइप करावे लागले. त्याखाली यंत्राने लाल रेघ ओढली, अगदी माझ्या जुन्या पेन्सिलीसारखी. मी ती राहू दिली.

“आत्याबाई,” दैवशालाने हळूच विचारले, “इथं तुमचं नाव घालू का?”

जीभ सवयीने ‘नंतर’कडे वळली होती. झुंबरबाई माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

“घाल,” मी म्हणाले. “आणि नीट बघून घाल. ‘गिरिजा’तल्या दोन्ही वेलांट्या पहिल्या आहेत.”