वाळूच्या गोण्या आणि साहेबांचं वाक्य

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांत तिचं नाव फूटपट्टी. दुरुस्तीनंतर वाळूच्या गोण्या भरून लिफ्ट वर-खाली फिरवायची, मगच माणसं आत सोडायची, हा कंपनीचा नियम. आणि तो पाळणारी ही एकटीच. बाकीचे बटण दाबून, कान लावून मोकळे होत.

सोमवारी साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "या बाई सगळं अगदी बाय द बुक करतात," आणि हसत निघून गेले. त्याच आठवड्यात ती आणि तिचा कामावरचा जोडीदार यांतून एकालाच नोकरीत कायम करायचं होतं.

"म्हणजे नियमाला धरून. कौतुक केलं तुमचं," जोडीदार म्हणाला.

"मग हसले का?"

"हां... मग टोमणा असेल."

मेल्याने धड आनंदही होऊ दिला नाही!

घरी तिने इंग्रजी शिकवणाऱ्या नणंदेला गाठलं. "वन्सं, हे चांगलं की वाईट?"

"अर्थ एकच गं, नियमाबरहुकूम. डॉक्टरला म्हटलं तर शाबासकी. घाईतल्या माणसाने म्हटलं तर कुरकुर."

"आणि लिफ्टवालीला?"

"तुझ्या साहेबांना घाई होती का?"

साहेबांना कधी नसते? त्या संध्याकाळी भाजीत दोनदा मीठ पडलं.

दुसऱ्या दिवशी तिने एका जुन्या इमारतीत लिफ्टचा दोर बदलला. गोण्या बाहेर गाडीतच होत्या. वाळूपायी नोकरी घालवायची का? तिने बटण दाबलं, कान लावला आणि 'बंद'ची पाटी काढून टाकली. आयुष्यात पहिल्यांदा.

रस्ता ओलांडते तोच साहेबांचा फोन. "झालं का? पाचव्या मजल्यावर माझी आई राहते. मुद्दाम तुम्हाला पाठवलं. तुम्ही बाय द बुक करता ना, म्हणून."

ती धावत परतली. काठी टेकत एक आजी लिफ्टमध्ये पाऊल टाकतच होत्या. नाक थेट साहेबांचं. तिने त्यांचा दंडच धरला.

मग एकेक गोणी आत जाऊ लागली. खुर्चीवर ताटकळलेल्या आजी करवादल्या, "भारीच नियमाची दिसतेस गं बाई!"

हे कौतुक की टोमणा, तिला कळेना. या वेळी तिने कुणाला विचारलं नाही. ती पुढची गोणी आणायला गेली.