सक्तीचा रकाना

हॉस्पिटलात त्याला सगळे 'फॉर्मवाला' म्हणत, आणि त्याला त्याचा राग नव्हता. पेशंटच्या नोंदींची कॉम्प्युटरवरची सगळी व्यवस्था त्यानेच बांधली होती, आणि ती भलती लवचीक होती. बाळंतपणाच्या विभागाला वेगळे रकाने हवेत? घ्या. हाडांच्या डॉक्टरांना चित्र काढायचंय? काढा. एकाच ठिकाणी स्वारी अडून बसली होती: औषधाची ॲलर्जी. हो किंवा नाही. भरल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही.

"बेशुद्ध माणूस आला, सोबत कोणी नाही, तर काय भरू?" तातडीच्या विभागातल्या सिस्टरांनी तेव्हाच विचारलं होतं. "कागदावर आम्ही प्रश्नचिन्ह टाकायचो. 'माहीत नाही' ठेवा ना तिसरं."

"अहो सिस्टर, मग सगळेच तेवढं दाबून मोकळे होतील," असं म्हणून त्याने विषय मिटवला होता.

गेल्या आठवड्यात असाच एक बेशुद्ध माणूस आला. औषधं मागवायची तर पुढचं पान उघडणं भाग होतं. सिस्टरांनी 'नाही' दाबलं. संध्याकाळच्या डॉक्टरांनी ते खरं धरून पेनिसिलिन टोचलं, आणि तो माणूस मरता मरता वाचला. तीन दिवस व्हेंटिलेटरवर होता. आता चौकशी लागली होती, आणि खोटी नोंद केली म्हणून सिस्टरांची नोकरी जायची वेळ आली होती.

चौकशीला हा तज्ज्ञ म्हणून बसला होता, अगदी साळसूदपणे.

"नोंद कोणाच्या नावावर आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"सिस्टरांच्या."

उत्तर खरंच होतं, पण ते देताना त्याला स्वतःची लाज वाटली. सिस्टर त्याच्याकडे बघतही नव्हत्या. त्या दोन शब्द बोलल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

"त्यांनी मला विचारलं होतं," तो एकदम बोलून गेला. "तिसरा पर्याय मागितला होता. मी हसण्यावारी नेलं. खोटं भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असा फॉर्म मी केला. दोष माझा आहे."

सिस्टरांची नोकरी वाचली. त्याला वाटलं, आता जरा हलकं वाटेल. कसलं काय! दुपारी त्याने जुन्या नोंदी काढल्या. वर्षभरात चार हजार एकशे बारा 'नाही'. विचारून भरलेले कुठले आणि अडलं म्हणून भरलेले कुठले, हे कळायला एकेकाला फोन करून विचारण्याशिवाय काही मार्गच नव्हता.

यादी घेऊन तो सिस्टरांच्या टेबलाशी उभा राहिला. त्यांनी 'बसा' म्हटलं नाही, फोन मात्र पुढे सरकवला.

"पहिला तुम्ही लावा."

पलीकडून एक म्हातारी बाई बोलली. त्याने पेशंटचं नाव सांगून चौकशी केली.

"ते तर गेले हो," ती म्हणाली. "तुमच्याकडून घरी आणलं आणि चौथ्या दिवशी गेले."

फोन ठेवून द्यावा, असं त्याला मनापासून वाटलं. सिस्टर पेन घेऊन थांबल्या होत्या.

"आजी," त्याने कसंबसं विचारलं, "आम्ही घरी घ्यायला दिलेलं औषध घेतल्यावर त्यांना पुरळ, दम, असा काही त्रास झाला होता का?"