चंदनाची दाई

माझी बायको दुर्गा गेली तेव्हा अंगणातलं चंदन गुडघ्याएवढं होतं. चिंचवडला कंपनीच्या वसाहतीत आमचं घर. तिथं चंदन लावणारी ती एकटीच. पहिलं रोप तिनं डब्यात एकटंच वाढवलं, ते पिवळं पडून मेलं. मग माहेरच्या बांधावर पाहिलेलं तिला आठवलं. दुसऱ्या रोपाच्या बुडाशी तिनं तुरीचे दाणे टोचले. चंदनाची मुळं तुरीच्या मुळांना चिकटतात आणि त्यातून अन्नपाणी ओढून घेतात. तुरीला ती दाई म्हणायची.

ती गेली त्याच वर्षी पावसाळ्यानंतर वसाहतीत स्वच्छ अंगणाची स्पर्धा लागली. सेक्रेटरी हिंदुराव आमचे शेजारी. ते खुरपं घेऊनच आले.

"उद्धवराव, ही तूर उपटा. दसऱ्याला साहेब बघायला येणार. अंगण आहे का शेत?"

"तूर काढली तर चंदन मरेल."

"मरतंय कशाला? जागा मोकळी झाली की उलट वाढेल."

मी मुळांचं सांगितलं. ते हसायला लागले. "म्हणजे तुमचं चंदन आयतखाऊ आहे की! आणि हेच आपण देवाला लावतो?"

"तुम्ही रोज तुरीचं वरण ओरपता, हिंदुराव. तुम्ही काय नुसत्या उन्हावर जगता?"

कुंपणापलीकडून त्यांची बायको छबूबाई म्हणाली, "वर आणखी दोन वाट्या मागून घेतात, भावजी!"

हिंदुराव चिडले. "राहू द्या मग. पण अस्वच्छ अंगणांत तुमचं नाव वाचणार, सगळ्यांसमोर. वहिनींना आवडलं असतं का हे?"

"ही तूर तिनंच पेरलीय," मी म्हणालो.

ते खुरपं घेऊन परत गेले, पण शब्द काही मागे घेतला नाही.

दसऱ्याला मी इस्त्रीचा सदरा घालून कार्यक्रमाला गेलो. बक्षिसं वाटून झाली. मग हिंदुराव अस्वच्छ अंगणांची नावं वाचू लागले. ज्याचं नाव येई तो खाली बघे. माझं आलं तसा मी उभा राहिलो.

"काय हो, काही तक्रार आहे?" साहेबांनी विचारलं.

"तक्रार नाही, साहेब. ते अंगण माझ्या बायकोनं लावलंय, एवढंच सांगायचं होतं. त्यात चंदन आहे. आणि ते जगलंय."

मी खाली बसलो. हिंदुरावांनी घसा खाकरला आणि पुढचं नाव वाचलं.