गायरानातले पाच खड्डे

वैशाखाच्या सकाळी पारावर एकवीस माणसं होती. पिंपळाच्या उगवतीला अकरा, मावळतीला नऊ, आणि मधोमध मैनाबाई. अकरांना गावचं चाळीस बिघे गायरान नांगरून कपाशी पेरायची होती. नवांना ते ढोरांसाठी राखायचं होतं. मैनाबाईचा थोरला चंद्रभान अकरांत बसला होता, धाकटा पंजाबराव नवांत.

सात समुद्रांपलीकडे कुठंतरी लढाई पेटली होती आणि अकोल्याच्या बाजारात कापूस सोन्याच्या भावानं जात होता. तेव्हापासून गावात 'काय करावं' असं कोणी विचारत नव्हतं. 'तू कोणाकडचा' एवढंच विचारत होतं. मैनाबाईच्या घरात दोघं भाऊ पाठीला पाठ लावून जेवत. काल चंद्रभान म्हणाला होता, "माय, आता वेगळी चूल मांडू दे." तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

"गवताले कोण पुसते आता?" अकरांतून कोणी ओरडलं.

"मंग कापूस शिजवून खासान काय?" नवांतून उत्तर आलं.

हशा झाला, तोही अर्ध्याच पाराचा.

मैनाबाई म्हाताऱ्या नत्थुजी पाटलांकडे वळली. "पाटीलबुवा, गायरानाची माती खोदून पाह्यली का कोणी?"

"नाई बा, वयनी. वरून तं काळीच दिसते."

"वरून! मंग चाला, पाहू. पण ज्याले कपाशी पायजे, त्यानं कपाशी होणार नाई अशी जागा दाखवाची. ज्याले गवत पायजे, त्यानं कपाशी होईन अशी."

"हे काय उलटंच, माय?" चंद्रभान म्हणाला.

"सुलटं करून तं महिना झाला, लेका."

सगळे गायरानात गेले. चंद्रभान बराच वेळ फिरला. टेकाडाखाली थांबून म्हणाला, "इथं पळस खुरटा हाये." त्यानं लोखंडी सब्बल जमिनीत मारली. वितीवरच ठण्ण वाजलं. मुरूम. पाहायला सगळ्यांच्या आधी तोच वाकला.

मग पंजाबराव नाल्याकाठी गेला. "इथं माती असन," तो हळूच बोलला, घरातली गोष्ट बाहेर सांगावी तसा. खोदत कमरेइतका खोल गेला, छातीइतका गेला, तरी काळीच. वर यायला त्यानं हात पुढं केला. तो चंद्रभाननं धरला.

"हात सोलला का रे?"

"जरासा."

"आन सब्बल इकडे. तू बस आता." मग आईकडे न बघताच चंद्रभान म्हणाला, "माय, सांजच्याले याच्या हाताले हळद लाव. तवर भाकरी मी थापतो."

"मंग घरादाराले उपाशीच निजा लागन!" मैनाबाई म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी हसली. पदराला बांधून आणलेली भाकरी तिनं सोडली, दोघांना दिली, उरलेला तुकडा स्वतः खाल्ला.

दिवस कलेपर्यंत पाच खड्डे झाले. तीन ठिकाणी मुरूम एका वितीवर लागला. नाल्याकाठी दोन्ही ठिकाणी काळी माती तीन हात. दोरी धरून काळ्या मातीचा पट्टा मोजला: कपाशीला नऊ बिघे, गवताला एकतीस.