न धुतलेली वाळू

माझे मोठे दीर जहाजावर इंजिनाचं काम बघतात. बंदर लागलं की तिथली मूठभर वाळू ते पुडीत बांधून जाऊबाईंना पाठवायचे. ती बरणीत भरायचं काम माझ्याकडे, कारण माझा धंदाच तो. काचेच्या भांड्यांत रंगीत वाळूचे थर रचायचे, लांब सुईनं काचेलगत नक्षी काढायची, वर पातळ गोंद सोडून तोंड बंद करायचं आणि भेटवस्तूंच्या दुकानांत द्यायचं.

जाऊबाईंच्या बरणीत आठ थर झाले होते. आधीच्या बंदरावरून टपालानं निघालेली नववी पुडी आली तेव्हा दिरांचा फोन येऊन अकरा दिवस उलटले होते. कंपनीत विचारलं तर एकच उत्तर, "संपर्क होत नाहीये, काळजी करू नका." मग जाऊबाईंचं घरात पाऊल ठरेना. धुतलेली भांडी पुन्हा धुवायच्या. गॅस बंद आहे का ते तीनदा बघून यायच्या. माझ्या कामाच्या खोलीत येऊन बसायच्या, आणि मी मान वर करेपर्यंत निघून गेलेल्या असायच्या.

त्या दिवशी पुडी माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "ही आजच भर. आणि बरणी बंद करून टाक."

"आज कशी भरू? समुद्राची वाळू आहे. आधी दोन-तीनदा धुवायला हवी, मग वाळवायला..."

"धुवायची नाही."

"वहिनी, मीठ राहिलं की ती ओल धरते."

"ह्यांनी हातानं भरलीय ती. माझ्यासमोर तिच्यावर पाणी ओतू नकोस."

तिथे मी ठाम राहायला हवं होतं. सोळा वर्षं हे काम करतेय, दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं. पण त्यांच्या डोळ्यांकडे बघून माझी जीभ रेटेना. वाळू तशीच भरली, दाबून दाबून काठाला आणली, कारण वर जागा राहिली तर थर सरकतात. वरून थेंबाथेंबानं गोंद सोडला. दुसऱ्या दिवशी तो कडक झाल्यावर बूच बसवून मेण लावलं. बरणी दिसायला झकास होती. मला मात्र तिच्याकडे बघवेना.

तिसऱ्या दिवशी दुपारी जाऊबाईंनीच हाक मारली. "अगं, ही आतून घामेजलीय बघ."

खिडकीतलं ऊन बरणीवर पडलं होतं. वरच्या दोन थरांच्या काचेवर धुकं धरलं होतं, आणि आठव्या थरातली तांबूस वाळू काळपट पडत चालली होती.

"माझीच चूक," मी म्हणाले. "मी भरायलाच नको होती."

त्यांनी बरणीवरून बोट फिरवलं. ओल आतून होती, पुसली जाणार कशी? "खाली उतरेल का?"

"उतरेल. राहू दिली तर सगळीच जाईल."

"मग उघड ती."

मेण खरवडलं, बूच काढलं, गोंदाची चकती सुरीनं उचकटली. ती मोडली आणि तिचे तुकडे थेट आठव्या थरात घुसले. वरचे दोन्ही थर लांब चमच्यानं उपसावे लागले. सीमेवरची वाळू एकमेकींत मिसळली, तिला इलाज नव्हता. तुकडे मी वेचून काढले. पाण्याचं घमेलं मात्र जाऊबाईंनी स्वतः आणलं. बाह्या वर करून त्यांनी नवव्या थराची वाळू पाण्यात सोडली आणि हलक्या हातानं चाळवू लागल्या. पाणी गढूळ झालं. ते ओतलं, दुसरं घेतलं.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांचे हात कोपरापर्यंत ओले, म्हणून मी तो त्यांच्या कानाला धरला. पलीकडे दीरच होते. वादळामुळे जहाजाची वाट बदलली होती, त्यातच संपर्काची यंत्रणा बंद पडली. आत्ता कुठे बंदर लागलं होतं. एवढं सगळं ते सांगत असताना जाऊबाई नुसत्या घमेल्यात बघत होत्या.

"जेवलात का?" शेवटी त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "तुमची वाळू फार खारट निघाली."

फोन ठेवल्यावर त्या रडतील असं मला वाटलं. त्यांनी तिसरं पाणी घेतलं. पण अर्धं बाहेर सांडलं, मग घमेलं मी ओढून घेतलं. संध्याकाळपर्यंत त्या या खोलीतून त्या खोलीत फिरतच होत्या. इतक्या दिवसांची सवय, अशी एका फोननं कशी जाणार?

या वेळी मी घाई करू दिली नाही. दोन्ही वाळू नीट धुऊन, ताटांत पसरून पाच दिवस वाळवल्या. दोन्हींतली चिमूटभर छोट्या बाटलीत बंद करून उन्हात ठेवली. काच कोरडी राहिली, तेव्हाच बरणीला हात लावला. आठव्या-नवव्या थरांमधली रेघ काही सरळ आली नाही. सुईनं नीट करू का विचारलं, तर जाऊबाई म्हणाल्या, "असू दे."

गोंद सुकला, मेण लागलं. त्यांनी विचारलं, "आता हलणार नाही ना?"

"उलटी केली तरी नाही."

त्यांनी खरंच उलटी केली. दोन्ही हातांत बरणी उलटी धरून त्या बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या, मग ती सरळ करून माझ्या हातात दिली आणि दीर परततील म्हणून त्यांची खोली झाडायला गेल्या.