समानार्थी

मगावरची चिकटपट्टी एका कोपऱ्यात सुटली होती आणि तिच्याखालून निळी वेलांटी... नव्हे, वेलांटी कसली, उकार. दीर्घ उकार, तेवढाच शेपटीसारखा बाहेर डोकावत होता. नखानं ती पट्टी अजून थोडी उचकटावी की परत दाबून बसवावी, हे तिला ठरवता येईना, आणि तेवढ्यात चहा निवून गेला.

"आई, तो मग नको घेत जाऊस ना," धाकटा बूट घालता घालता म्हणाला.

"का रे, फुटलाय का?"

"फुटला असता तर बरं झालं असतं."

धाकट्याच्या कंपनीनं असे मग खोकी भरभरून करून घेतले होते. लोकांनी फोनवर एकमेकांशी गप्पा मारायची, फोटो लावायची ती जागा; तिचं नाव इतकी वर्षं 'चावडी' होतं आणि कुणाचं काही अडत नव्हतं. पण वरच्या लोकांना ते गावंढळ वाटायला लागलं, म्हणून धाकट्याच्या खात्यानं वर्षभर घासूनपुसून नवं नाव काढलं — सेतू. पाट्या रंगल्या, मग छापले, जुनं नाव मोडीत निघालं. आणि त्याच आठवड्यात शहराबाहेरचा नवाकोरा पूल भर दुपारी नदीत कोसळला.

त्या पुलावर ठमी होती. धाकट्याची मोठी बहीण. ह्या आईची थोरली लेक.

आधी 'पूल' हा शब्द गेला. तसा सरकारी हुकूम कुणी डोळ्यांनी पाहिला नाही; पण कुणी पूल लिहिलं की मजकूर उमटायच्या आत विरघळायचा आणि त्याजागी यायचं, 'हा मजकूर दाखवता येत नाही.' लोक काय कमी? त्यांनी सेतू लिहायला घेतलं. मग सेतूही गेला, आणि त्याच्याबरोबर कंपनीची नवी पाटी, जाहिराती, 'आम्ही आता सेतू झालो आहोत' ही आनंदाची बातमी, सगळंच गेलं. स्वतःचं नाव घ्यायची चोरी झालेली कंपनी! लोक तिला 'बिननावाची' म्हणायला लागले. समोरचे दंतवैद्य तर जिन्यात भेटले की अजून हसतात — "बाई, माझी दातांची जाहिरातसुद्धा उडवली हो. दोन दातांमध्ये पूल बसवून मिळेल, एवढंच लिहिलं होतं!" हसता हसता त्यांना ठमी आठवते आणि मग ते उगाच किल्ल्या शोधतात.

ठमीच्या आईनं उभा जन्म शाळेत भाषा शिकवली. पूल — सेतू, साकव. मुलं एका सुरात घोकायची, आणि मागच्या बाकावरचा एक जण नेहमी "साखर" म्हणायचा. साकव सगळ्यांत शेवटी बंद झाला, तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? हेच, की आपल्या वर्गात कुणाचं तरी लक्ष होतं म्हणायचं...

"उद्या वर्ष होतंय," ती म्हणाली.

धाकट्याची बुटाच्या नाडीवरची बोटं थांबली. "माहितेय मला."

"मी लिहिणार आहे तिच्यावर. तिच्या फोटोखाली."

"लिही ना. तिच्या हसण्याबद्दल लिही, ती तुझ्याशी भांडायची त्याबद्दल लिही. फक्त... कशानं, ते नको. आई, आमच्याकडे घरच्यांचं लिहिलेलंही बघतात गं."

"मग कशानं गेली म्हणू? सर्दीनं?"

तो दाराशी गेला. दारातून मात्र परत वळला, आणि लहानपणी निबंधाचा विषय विचारायचा अगदी त्याच आवाजात म्हणाला, "आज पुन्हा बैठक आहे. तिसरं नाव. तुला शब्द सुचतात, एखादा सांग ना... ज्याला काहीही अर्थ नाही असा."

दार लागलं. असा शब्द? तिनं शोधूनही पाहिला, सवयीनं. अर्थ नसलेला शब्द म्हणजे हाडं नसलेला हात. पण ती ज्या शब्दांजवळ वाढली ते काय वेगळे होते? तिच्या आईच्या घरात बांगडी कधी फुटली नाही, ती 'वाढली'. दिवा विझला नाही, तोही 'वाढवला'. रात्री सापाला साप म्हटलं नाही — लांबडं. निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. आणि ठमी त्या दुपारी गाडीची किल्ली बोटाभोवती फिरवत येतेच म्हणाली होती, शहाण्या मुलीसारखी. हे सगळं मायेनं होतं, कुणाला दुखू नये म्हणून होतं. त्याची आणि ह्या बंदीची तुलना तरी कशाला... असं ती स्वतःला वर्षभर सांगत आलेली. आज ते पटेना. अशुभ बोलू नये, एवढंच शिकलेली माणसं आपण. दुसऱ्या कुणी येऊन तोंडावर हात ठेवला तर ओळखीचाच वाटणार तो हात.

फोन घेऊन ती खिडकीपाशी बसली. 'उद्या माझ्या मुलीला जाऊन एक वर्ष होईल.' हे राहिलं. 'नदीवरच्या अपघातात गेली.' हेही राहिलं — अपघात सरकारला चालतो, अपघाताला कंत्राटदार नसतो. मग तिनं पूल लिहिलं. पाण्यात मीठ टाकावं तसं ते गेलं. दोन अक्षरांमध्ये जागा सोडून पाहिली, तेही गेलं. मग 'गेली' ह्या शब्दावर तिची नजर अडली. तो तर तिचा तिनंच लिहिला होता, त्यावर कुणाची बंदी नव्हती. वर्षभर ती गेली म्हणत होती, ठमी गेली, जशी काही बाजारात गेली... तिनं तो पुसला. दुसरा लिहायला बोट उचललं. बोट खाली येईना. इथं सरकार नव्हतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"मेली," ती म्हणाली. केवढा उघडाबोडका आवाज! भांड्यांना, पडद्याला, सगळ्यांना ऐकू गेला. "ठमी मेली. पूल पडला आणि मेली. मारली तिला." आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं, आलं नाही. आत काहीतरी कोरडं, टणक, पाय रोवून उभं राहिलं, एवढंच.

संध्याकाळी धाकटा आला तो दमलेला, पण हलका. "ठरलं बाई एकदाचं! 'ओलोला'. कुठल्याच भाषेत काही नाही. वरचे साहेब तर खूश."

"छान," ती म्हणाली. "पाळण्यातल्या बाळाचा खुळखुळा."

तो हसला. मोजे काढून त्यांची गुंडाळी करत, तिच्याकडे न बघता त्यानं विचारलं, "लिहिलंस का काही?"

"अजून नाही."

मोज्याची गुंडाळी त्याच्या हातात तशीच राहिली. त्या 'अजून'ला तो भ्यायला, हे तिला स्पष्ट दिसलं — पोटचा पोर, आणि आईच्या एका शब्दाला भ्यायलेला. एरवी तिनं लगेच जीभ चावली असती, सारवासारव केली असती, चल हातपाय धू म्हटलं असतं. आज तिला त्याची कीव आली नाही. ती आली नाही ह्याचीच तिला थोडी भीती वाटली. मग तीही वाटेनाशी झाली.